डावी बाजू

परीक्षकाने 'विनाकारण ब्रेक' या रकान्यात रेघ मारली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि तोवर त्याच्या आयुष्यात सगळं जागच्या जागी होतं. गाडीच्या परवान्यासाठी परीक्षा घ्यायचं काम तो एकतीस वर्षं करत होता. रोज पाच उमेदवार. आपण डावीकडच्या सीटवर बसायचं, मांडीवर फळी, फळीवर कागद, आणि 'पुढे उजवीकडे वळा', 'इथे थांबा' याखेरीज तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. पंधरा किरकोळ चुका माफ असत, गंभीर चूक एकही चालत नसे. निकाल सांगायचा तो गाडी पूर्ण थांबल्यावर, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून, किल्ली काढून झाल्यावर. त्याआधी उमेदवाराने कितीही केविलवाणं तोंड केलं तरी नाही. त्या दिवशीची उमेदवार बेकरीत पहाटपाळी करणारी एक बाई होती. नखांच्या कडांना अजून पीठ होतं. बरी चालवत होती. शाळेमागच्या सरळ रस्त्यावर तिने एकाएकी कचकन ब्रेक दाबला, फळी मांडीवरून घसरली, आणि त्याने सवयीने रेघ मारली. उमेदवाराने परीक्षकाशी वाद घालायचा नसतो, पण तिला राहवेना. "अहो साहेब, त्या बाई आडव्या आल्या ना!" ती म्हणाली. त्याने मान वळवली. बॉनेटपुढे हातभर अंतरावर, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन एक म्हातारी उभी होती आणि त्याच्याकडेच रागाने बघत होती. ती फुटपाथवरून उतरली असणार, चार पावलं चालून आली असणार. त्याला दिसली नव्हती. धूसर दिसली, उशिरा दिसली, असंही नाही. ती नव्हतीच, आणि मान वळवल्यावर होती. त्याने रेघ खोडली, शेजारी सही केली, बेकरीवालीला पास केलं आणि दुपारची रजा टाकली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. त्याने प्रामाणिकपणे दाबलं. आपले बरेच ठिपके बरोबर आले असं त्याला वाटलं. मग दुसऱ्या इमारतीत डोक्याचा फोटो काढून झाला आणि दोन दिवसांनी बाई म्हणाल्या, "डोळे तुमचे ठणठणीत आहेत. मागे मेंदूत केव्हातरी एक बारीकसा झटका येऊन गेलाय. तुम्हाला कळलाही नसेल. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली आहे. सगळी नाही, पण बरीच." तो म्हणाला, "पण मला तिथे काळं काही दिसत नाही." "नाहीच दिसणार," बाई म्हणाल्या, "मेंदू आजूबाजूचं ओढून तिथे ठिगळ लावतो. रस्ता असेल तर आणखी थोडा रस्ता. त्यामुळे माणसाला वाटतं, सगळं दिसतंय." मग त्यांनी औषधं लिहिली, आणि मान वर न करता, "गाडी चालवायची नाही. आजपासूनच," असं इतक्या सहज सांगितलं, की एकतीस वर्षं लोकांना निकाल सांगणाऱ्या त्या माणसाला तो आपला निकाल आहे हे समजायला वेळ लागला. "काम काय करता?" त्यांनी विचारलं. "सरकारी नोकरी," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी हे घरी सांगायचं असं ठरवून तो जिना चढला होता. दार उघडलं तर बायको दिवाणखान्यात जमिनीवर नकाशा पसरून, त्यावरच पालथी पडून, पेन्सिलीने रस्ता गिरवत होती. महिनाअखेरीला ती निवृत्त होणार होती. शहराच्या तरणतलावावर तीस वर्षं तिने पोरांना पोहायला शिकवलं. तिला तिथे सगळे शिट्टीबाई म्हणत. पण गळ्यातली शिट्टी नावापुरतीच असायची, तिचा आवाज पाण्याखालीसुद्धा ऐकू येतो असं पोरं म्हणत. 'तू निवृत्त झालीस की डोंगर' हे वाक्य तो अकरा वर्षं म्हणत आला होता. कधी भांडण मिटवायला, कधी सुट्टी टाळायला, कधी खरंच मनापासून. आता तिने ते वाक्य शब्दशः धरलं होतं. अभयारण्याच्या पलीकडे, खिंड ओलांडून, पाच लाकडी खोल्यांचं एक विश्रामगृह होतं. तिथे बस जात नव्हती, रेल्वे जात नव्हती. आपली गाडी असेल तरच. तिने हिवाळ्यातच खोली राखून ठेवली होती. त्याने तोंड उघडलं, आणि ती नकाशावरून मान वर करून म्हणाली, "दोन स्वेटर पुरतील ना हो?" "तीन घे," तो म्हणाला. बस. एवढंच झालं. नंतर रोज सकाळी दाढी करताना तो सांगायचं ठरवी आणि रोज रात्री उद्यावर ढकली, आणि ताकास तूर लागू न देता त्याने गाडीचं तेलपाणी करून घेतलं, टायर बदलले, काचा पुसल्या. डावा आरसा त्याने जरा जास्तच वेळ पुसला.

पहिला दिवस महामार्गाचा होता. रस्ता रुंद, आखलेला, सगळे एकाच दिशेने जाणारे. त्याने मनातल्या मनात मांडीवर फळी घेतली आणि आपलीच परीक्षा सुरू केली. मान दर चार सेकंदांनी डावीकडे. आरसा, रस्ता, मान. कुणाला फसवायचं म्हणून नव्हे. त्याला मनापासून वाटत होतं, की बाईंच्या घुमटात माणूस चालत नसतो, ठिपके चमकत असतात. खऱ्या रस्त्यावर एकतीस वर्षांचा अनुभव आहे तो कुठे जाईल? एक मालट्रक डावीकडून अचानक खिडकीएवढा मोठा झाला तेव्हा त्याने चाक उजवीकडे ओढलं, पण तो म्हणाला, किरकोळ. पेट्रोल पंपावरच्या खांबाला डावा आरसा घासला. किरकोळ. उमेदवाराने अशी चूक केली असती तर फळीवर काय लिहिलं असतं हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि आपण तिथे दुसरंच लिहितोय हेही माहीत होतं. "मानेला काय झालंय?" बायकोने विचारलं. "उशी कडक होती," तो म्हणाला. "मग उशी घरी होती, मान इथे का वळवताय?" ती हसली आणि बाहेर बघू लागली. म्हणजे बाहेर बघू लागली असणार. तिचं हसू ऐकू येत होतं, पण ती दिसत नव्हती. गेलेल्या डाव्या बाजूत नेमकी तिचीच जागा होती. मान समोर केली, की त्याच्या शेजारी सीट, दार, खिडकी असं काहीतरी बिनचेहऱ्याचं असे, आणि त्या रिकाम्या जागेतून एकदम एक हात येई, हातात सोललेलं उकडलेलं अंडं किंवा थर्मासच्या झाकणातली कॉफी. दर वेळी तो दचकत होता. चौतीस वर्षं संसार केलेल्या बायकोच्या हाताला दचकायचं म्हणजे काय, या विचाराने त्याला गाडीतल्या गाडीत एकटं वाटू लागलं, आणि ती तर इकडे उत्साहात होती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला डोंगर सुरू झाले. आधी लांबवर निळे, मग एकाएकी अंगावर. रस्ता अरुंद झाला, एका अंगाला ओला काळा खडक, दुसऱ्या अंगाला दरी. डावीकडे दरी. खाली खूप खोलवर एक पांढरी नदी होती असं बायको म्हणाली. "अहो, ती बघा! अहो, बर्फ! त्या सावलीत अजून बर्फ आहे!" पूर्वी कधी सहलीला गेले की तो तिला म्हणायचा, 'तू बघ, मला रस्ता बघू दे,' आणि त्यात एक मोठेपणा असायचा, की आपण रस्ता बघतोय म्हणून कुणीतरी नदी बघतंय. आता त्याने तेच वाक्य म्हटलं आणि ते तोंडात कडू झालं. अभयारण्याच्या फाटकापाशी उन्हाने नाक सोललेल्या एका वनरक्षक बाईने गाडीचा नंबर लिहून घेतला आणि एक कागद दिला. ताशी तीस. हॉर्न वाजवायचा नाही. प्राण्याची वाट आधी. "मधे कुणाला फोन लागत नाही," ती म्हणाली, "पण आम्ही जीपने फेऱ्या मारतो. अडलात तर गाडीतच थांबा." बायकोने कागद मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाली, "तुमच्यासारखंच कुणीतरी लिहिलंय. अवाजवी संकोच केल्यास दंड, एवढंच राहिलंय."

ते शब्द त्यांच्या घरात मुरलेले होते. सव्वीस वर्षांपूर्वी ती गाडी शिकली होती, आणि छान शिकली होती. नात्यातल्या माणसाची परीक्षा स्वतः घ्यायची नाही असा नियम, म्हणून ती लंबूकडे गेली. लंबू त्याच्याच कचेरीतला, साडेसहा फुटी, भला माणूस. आदल्या दिवशी चहाच्या टेबलावर परीक्षक लंबूला म्हणाला होता, "माझी बायको म्हणून सोडू नकोस हं. उलट जरा कडकच बघ." चारचौघांत म्हणाला होता, आपण किती सरळ आहोत हे त्या चौघांना दिसावं म्हणून. लंबूने ते हुकमासारखं घेतलं. चौकात समोरून ट्रक येत होता, ती थांबली, कुणीही थांबलं असतं, आणि लंबूने लिहिलं: चौकात अवाजवी संकोच, गंभीर. ती घरी आली, कागद ओट्यावर ठेवला, हसली आणि पुन्हा कधी परीक्षेला बसली नाही. पुढे पडद्याचं कापड निवडताना, हॉटेलात काय मागवायचं ते ठरवताना, ती म्हणायची, "आमचा अवाजवी संकोच आहे बाई." परगावच्या मोठ्या तलावावर मुख्य शिक्षिकेची जागा चालून आली तेव्हाही हसत म्हणाली, "मी चौकात अडकणारी बाई, मला नाही झेपायचं," आणि गेली नाही. तो हसला होता. एकदा बुडणाऱ्या माणसासाठी अंगावरच्या कपड्यांनिशी, बुटांसकट पाण्यात उडी घेतलेली बाई होती ती. तिच्या ठायी संकोच कुठे होता हे जगात कुणाला ठाऊक नसलं तरी त्याला ठाऊक होतं. चहाच्या टेबलावरचं ते एक वाक्य सव्वीस वर्षं त्याच्या घशात होतं. आज तिच्याकडे परवाना असता तर, हा विचार वळणावळणाला येत होता, आणि वळणं संपत नव्हती.

खिंडीच्या अलीकडे हवा पातळ आणि गार झाली. झाडं बुटकी होत होत संपली. नुसता दगड, गवत आणि आभाळ. इतकी शांतता की टायरखालचा खडा न खडा ऐकू यावा. त्याला पास झाल्यासारखं वाटू लागलं होतं. पन्नास-साठ वळणं झाली, एकही गंभीर चूक नाही. उरला होता तो उतार. तिकडे पोहोचल्यावर, खोलीत, चहा घेताना तिला सांगू. आणून पोहोचवल्यावर सांगण्यात वेगळी शान आहे. म्हणजे ते सांगणं राहणार नाही, नुसती हकीकत होईल. असं तो स्वतःशी जुळवत होता, आणि डावीकडे गवताचा उतार होता, आणखी गवत, आणखी उतार.

"थांब!"

तो आवाज तरणतलावावरचा होता. तिने त्याला आयुष्यात कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्याचा पाय मनाच्या आधी ब्रेकवर गेला, गाडी खडीवर फरफटली आणि थांबली. त्याने मान वळवली. रानबकऱ्यांचा अख्खा कळप रस्ता ओलांडत होता, वीस-पंचवीस तरी, डावीकडच्या उतारावरून चढून येत, अगदी निवांत. बॉनेटला नाक लागेल इतक्या जवळ एक पिल्लू उभं होतं. त्याचे पाय अजून नीट टेकत नव्हते. त्याची आई पुढे जाऊन परत आली, गाडीकडे एकदा बघितलं आणि पिल्लाला ढुशी देऊन घेऊन गेली. वीस-पंचवीस जनावरं. एक म्हातारी निसटू शकते. कळप निसटत नाही. बायको छातीवर हात ठेवून हसत सुटली होती, भीतीने येतं तसं हसू. "अहो! दरी बघत होतात ना? सकाळपासून मी म्हणतेय बघा, बघा, तर आत्ता बघायला लागलात होय! बघा, पण गाडी थांबवून बघा!" तिने सबब सोलून हातात दिली होती. 'हो ना, काय देखावा आहे,' एवढं म्हटलं असतं की झालं होतं. जन्मभर पुरली असती ती गंमत, पाहुण्यांना सांगायला. त्याने गाडी हळूच पुढे घेऊन रस्त्याच्या रुंद जागी उभी केली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. किल्ली काढून हातात धरली. ती हसायची थांबली. त्याच्या कामाची ही रीत तिला तोंडपाठ होती.

"काय झालं?"

"मला डावीकडचं दिसत नाही."

"म्हणजे? चष्म्याचा नंबर वाढला का?"

"चष्म्याचं नाही. डोक्यात झटका येऊन गेलाय, बारीक. बकऱ्या मला दिसल्याच नाहीत. एकही नाही. डॉक्टरीणबाईंनी गाडीला बंदी केलीये."

"कधी?"

"तेवीस दिवस झाले."

ती सीटवर त्याच्याकडे वळली. मग तिने विचारलं, "मी दिसते?"

"मान वळवली की."

"आणि समोर बघत असताना?"

"नाही."

"म्हणजे कालपासून मी तुम्हाला दिसत नाहीये. आणि दरीच्या बाजूला मी बसलेय."

"हो," तो म्हणाला.

ती उतरली. दार आपटलं त्याचा आवाज समोरच्या कड्यावरून परत आला. ती रस्त्याने चालत गेली आणि तो पूर्ण अंग वळवून तिच्याकडे बघत राहिला, कारण सरळ बसलं असतं तर ती नाहीशी झाली असती. चौतीस वर्षांत ती अशी पाठमोरी चालत गेलेली त्याने किती वेळा पाहिली असेल, कामावर जाताना, बाजारात, रुसून. पण बघण्यासाठी असा जोर कधी लावावा लागला नव्हता. त्याला खूप रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. थोड्या वेळाने ती परत आली आणि त्याच्या बाजूच्या खिडकीशी उभी राहिली. तिचे ओठ थंडीने पांढरे पडले होते, का रागाने, कोण जाणे.

"डोंगर काय पळून चालले होते?" ती म्हणाली. "मी घरी नकाशा बघत बसले असते. तुमच्याजवळ बसले असते. झटका आला आणि मला सांगितलं नाहीत? रात्री मी तुमच्या शेजारी घोरत होते आणि तुम्ही एकटेच जागे?"

"तू इतकी वर्षं वाट बघितलीस..."

"मला काय झेपेल आणि काय नाही, ते तुम्ही परस्पर ठरवता. विचारायचं तरी."

मग त्याला वाटलं, आता गाडी थांबलेलीच आहे. "आणखी एक आहे," तो म्हणाला. "तुझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मीच लंबूला सांगितलं होतं, कडक बघ म्हणून. तू काही चुकली नव्हतीस."

तिने खिडकीच्या काठावर दोन्ही हात ठेवले. "ते माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"लंबूने सांगितलं, त्याच्या निवृत्तीच्या जेवणात. रडला बिचारा. अठरा वर्षं झाली."

"अठरा वर्षं? आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

"पण तू तर नेहमी म्हणायचीस, आमचा अवाजवी संकोच..."

"तुमच्यासमोर म्हणायचे," ती म्हणाली. "कधीतरी सांगाल म्हणून, दर वेळी. आणि तुम्ही हसायचात."

वाऱ्याने गवत एका बाजूला पडत होतं आणि पुन्हा उठत होतं. त्याला ते सगळे प्रसंग एकामागून एक आठवले, पडद्याचं दुकान, हॉटेलातली टेबलं, पाहुण्यांची जेवणं, आणि त्या प्रत्येक ठिकाणी ती म्हणून झाल्यावर क्षणभर थांबायची, त्याच्याकडे बघायची, हेही आठवलं. त्या वेळी त्याचे डोळे शाबूत होते. त्याने माफी मागितली. मागताना त्यालाच ती फार लहान वाटली. तिने किल्ली त्याच्या हातातून घेतली आणि स्वेटरच्या खिशात टाकली, आणि दोघं जीपची वाट बघत राहिली, ती बाहेर, तो आत.

पाऊण तासाने जीप आली. सोललेल्या नाकाची वनरक्षक बाई उतरली, तिचा जोडीदार चाकामागेच बसून राहिला. "बिघडली का?" तिने विचारलं. बायकोने त्याच्याकडे बघितलं, पण त्याच्या वतीने तोंड उघडलं नाही. "गाडी ठीक आहे," परीक्षक म्हणाला. "मी ठीक नाही. मला डावीकडचं दिसत नाही, मी गाडी चालवता कामा नये. आत्ता थोडक्यात एक पिल्लू वाचलं." अनोळखी बाईला हे सांगताना त्याचा आवाज फाटला, पण वाक्य पुरं झालं. बाईने टोपी सारखी केली. "मी नेते तुमची गाडी खालपर्यंत," ती म्हणाली, "तो जीप घेऊन मागून येईल. पुढच्या सीटवर माझ्या वायरलेसचं सामान ठेवते, तुम्ही दोघं मागे बसा." बायकोने किल्ली तिच्या हातात दिली.

आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर तो कधी बसला नव्हता. तिथे पिशव्या असायच्या, छत्री असायची. तो सवयीने उजव्या दाराने आत शिरला आणि तिथेच टेकला. डावी बाजू तिच्यासाठी रिकामी ठेवली, नेहमीसारखी. बायकोने डावं दार उघडलं. क्षणभर ती तिथे थांबली असावी. त्याला कळलं नाही. दार बंद झाल्याचा आवाज आला आणि त्याला वाटलं, ती बसली. मग त्याच्या शेजारचं उजवं दार उघडलं. ती गाडीला वळसा घालून आली होती.

"सरका तिकडे," ती म्हणाली.

तो सरकला. ती त्याच्या उजवीकडे बसली, दार ओढून घेतलं आणि हाताची घडी घालून समोर बघू लागली. गाडी सुरू झाली. ती बोलत नव्हती, खालपर्यंत बोलणारही नव्हती, कदाचित उद्याही नाही. राग तिच्या जबड्यात, मानेच्या ताठ शिरेत, क्लोरीनने भुरकट झालेल्या केसांच्या बटेखालच्या लाल कानात सगळीकडे होता. आणि तो मान न वळवता बसला होता, आणि ती त्याला पूर्ण दिसत होती.